पहिल्याच तपासणीत सांगायच्या गोष्टी: गरोदरपणातला रक्तक्षय आणि त्याची कारणं

गरोदर बाईचं हिमोग्लोबिन नऊवर आलं की घरात धावपळ सुरू होते. सासूबाई बीट किसायला घेतात, नवरा येताना डाळिंबं आणतो, माहेरून खजुराचं पाकीट येतं. यातलं काही वाईट नाही. पण रक्त कमी होण्याची सुरुवात बहुतेक वेळा त्या रिपोर्टच्या कितीतरी आधी झालेली असते. पाळीत वर्षानुवर्षं जास्त गेलेलं रक्त, मागच्या बाळंतपणात झालेली आणि कधीच न भरलेली झीज, पोटातले जंत, प्रत्येक जेवणामागे घेतलेला चहा अशी ती कारणं असतात. म्हणूनच सातव्या महिन्यात आकडा घसरण्याची वाट बघायची गरज नाही. आपल्याला धोका किती आहे, हे दिवस गेल्याचं कळल्यावर पहिल्याच तपासणीत बरंचसं ओळखता येतं. त्यासाठी स्वतःला काही प्रश्न विचारायचे आणि त्यांची उत्तरं डॉक्टरांना किंवा नर्सबाईंना न लाजता सांगायची.

हा प्रश्न मूठभर बायकांचा नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. महाराष्ट्रात हे प्रमाण ४५.७ टक्के होतं. गावात आणि शहरात, कष्टकरी घरात आणि नोकरदार घरात, सगळीकडे तो आढळतो. कारणं मात्र घरागणिक वेगळी असतात.

नऊ महिन्यांचा हिशेब

एका गरोदरपणाला साधारण १००० मिलिग्रॅम लोह लागतं. त्यातलं ३०० मिलिग्रॅमच्या आसपास बाळ आणि वार घेतात, ५०० मिलिग्रॅम आईचं स्वतःचं रक्त वाढवण्यात खर्च होतं आणि उरलेलं २०० मिलिग्रॅम नेहमीच्या झिजेत जातं. पहिल्या तीन महिन्यांत पाळी बंद असल्यामुळे फारसा ताण जाणवत नाही. चौथ्या महिन्यापासून मागणी चढत जाते आणि शेवटच्या महिन्यांत शरीराला रोज सहा-सात मिलिग्रॅम लोह प्रत्यक्ष रक्तात उतरलेलं हवं असतं. आपल्या शाकाहारी जेवणातल्या लोहापैकी जेमतेम पाच ते दहा टक्केच अंगी लागतं. गरोदरपणात शोषण वाढतं, तरी एवढी मागणी ताटातून पुरी होत नाही. उरलेलं लोह शरीरातल्या साठ्यातून काढावं लागतं. पेरणीच्या दिवसांत कणगी आधीच रिकामी असेल तर जे होतं, तेच इथे होतं.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. गरोदरपणात रक्तातला पातळ भाग जवळजवळ दीडपट होतो, तांबड्या पेशी मात्र त्या मानाने कमी वाढतात. त्यामुळे रक्त थोडं पातळ होऊन हिमोग्लोबिन काहीसं उतरणं स्वाभाविक आहे. म्हणून गरोदर बाईसाठी रक्तक्षयाची रेषा १२ वर न धरता ११ ग्रॅमवर धरतात आणि मधल्या तीन महिन्यांसाठी १०.५ वर. त्याच्याही खाली गेलं तर ‘असं होतंच’ म्हणून सोडून देऊ नये.

स्वतःला विचारायचे प्रश्न

पाळी कशी होती? तपासणीत हा प्रश्न विचारला की बहुतेक बायका ‘नेहमीसारखी, चार-पाच दिवस’ असं उत्तर देऊन मोकळ्या होतात. आई, बहीण, मावशी सगळ्यांचीच पाळी जास्त असेल तर जास्त तेच नेहमीचं वाटू लागतं. म्हणून प्रश्न बारकाईने विचारायला हवा. दर एक-दोन तासांनी पॅड बदलावं लागत होतं का? रात्री उठून बदलावं लागत होतं का? मोठ्या गाठी जात होत्या का? सात दिवसांपेक्षा जास्त दिवस रक्त जात होतं का? यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल, तर लोहाचा साठा आधीच कमी असण्याची दाट शक्यता आहे. एक मिलिलिटर रक्ताबरोबर सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह जातं. दर महिन्याला ८० मिलिलिटर रक्त गेलं, तर ४० मिलिग्रॅम लोह गेलं. याआधी तांबी बसवलेली होती आणि तेव्हापासून पाळी वाढली होती, हेही सांगा.

मागचं बाळंतपण कधी झालं? दोन बाळंतपणांत पुरेसं अंतर नसेल तर आधीची तूट भरायला वेळच मिळत नाही. बाळंतपणानंतर पुढचे दिवस जाण्याआधी किमान २४ महिने जाऊ द्यावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. मागच्या वेळी खूप रक्त गेलं होतं, रक्त चढवावं लागलं होतं, गर्भपात झाला होता किंवा तेव्हाही हिमोग्लोबिन कमी होतं, तर ते स्पष्ट सांगा. जुनी फाईल घरात असेल तर सोबत न्या.

वय किती आहे? एकोणीस-वीस वर्षांच्या आत दिवस गेले, तर मुलीची स्वतःची वाढ अजून पुरी झालेली नसते. तिच्या शरीराला स्वतःसाठी आणि बाळासाठी, दोघांसाठीही लोह हवं असतं. लग्न लवकर होणाऱ्या घरांतून हा धोका सर्रास दिसतो.

जुळं आहे का? जुळं असेल तर मागणी वाढते. सोनोग्राफीत जुळं दिसल्यापासूनच डॉक्टर हिमोग्लोबिनवर बारीक लक्ष ठेवतात. लोहाच्या गोळ्यांची मात्रा त्यांनाच विचारा.

उलट्या किती दिवस चालल्या? पहिल्या तीन महिन्यांत पोटात काहीच राहिलं नसेल, तर साठा तेव्हाच उतरायला लागतो. उलट्यांमुळे गोळी थांबवली असेल, तर ती पुन्हा कधी सुरू करायची, हेही विचारून घ्या.

माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात का? हा प्रश्न सासूबाई शेजारी बसलेल्या असताना विचारला तर बाई मान हलवून ‘नाही’ म्हणते. एकटीला विचारलं तर पदराआडून हसते आणि सांगते, ‘भाजकी माती आणते दुकानातून’ किंवा ‘तांदूळ चघळते दिवसभर’. कुणाला बर्फ कचाकचा चावावासा वाटतो. डोहाळे म्हणून याकडे कौतुकाने पाहिलं जातं, पण अंगात लोह कमी असण्याची ही खूण असू शकते. शिवाय माती आणि खडू अन्नातलं लोह अंगी लागू देत नाहीत आणि मातीतून जंत पोटात जातात ते वेगळंच. हे सांगायला लाजू नका. ओरडून घेण्यासाठी नाही, रक्त तपासून घेण्यासाठी सांगायचं आहे.

जंत, ताप, मूळव्याध यांचं काय? शेतात, भाताच्या खाचरात, ओल्या मातीत अनवाणी काम करणाऱ्यांच्या पायातून हुकवर्म जातीचे जंत शरीरात शिरतात. ते आतड्याला चिकटून रोज थोडं थोडं रक्त पितात. मलेरिया तांबड्या पेशी फोडतो, म्हणून गेल्या काही महिन्यांत थंडी वाजून ताप आला असेल तर सांगा. मूळव्याधीचं रक्त जात असेल तर तेही मोजणीत धरायला हवं. जंताची गोळी पहिल्या तीन महिन्यांत घेत नाहीत. साधारणतः चौथ्या ते सहाव्या महिन्यात अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची एकच गोळी देतात. ती मनाने घेऊ नका.

पोटाची औषधं किंवा शस्त्रक्रिया? ॲसिडिटीसाठी महिनोन् महिने पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल घेणाऱ्यांच्या जठरातलं आम्ल कमी होतं आणि लोह नीट शोषलं जात नाही. वजन कमी करायची शस्त्रक्रिया झालेल्या बायकांनाही हाच धोका असतो.

घरात कुणाला सिकलसेल किंवा थॅलेसेमिया आहे का? विदर्भातले गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया आणि उत्तरेकडे नंदुरबार या भागांत सिकलसेल बऱ्याच प्रमाणात आढळतो. सिंधी, पंजाबी, कच्छी, लोहाणा कुटुंबांत थॅलेसेमियाचे वाहक जास्त सापडतात. मात्र हे दोन्ही विकार कुठल्याही समाजात असू शकतात. भाऊ-बहिणीला वरचेवर रक्त द्यावं लागत असेल, सांधे फार दुखत असतील, किंवा ‘गोळ्या घेऊनही हिचं रक्त वाढत नाही’ असं घरात कुणाबद्दल बोललं जात असेल, तर ते आवर्जून सांगा. बायको वाहक निघाली तर नवऱ्याचीही तपासणी व्हायला हवी. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि हे जितक्या लवकर कळेल तितका विचार करायला वेळ मिळतो.

सगळं लोहामुळेच नसतं

गरोदरपणातल्या रक्तक्षयाचं सर्वांत मोठं कारण लोहाची कमतरता हेच आहे, पण ते एकटं नाही. या गोष्टीशी मुंबईचा जुना संबंध आहे. १९२८ साली डॉ. ल्यूसी विल्स इंग्लंडहून मुंबईला आल्या आणि हाफकिन संस्थेत राहून त्यांनी कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला. त्या बायकांच्या तांबड्या पेशी लहान होण्याऐवजी मोठ्या झालेल्या होत्या. यीस्टच्या अर्कापासून बनवलेलं मार्माइट त्यांना दिल्यावर त्यांचं रक्त सुधारलं. १९३१ साली विल्स यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. आज गरोदर बाईच्या लाल गोळीत लोहाबरोबर फॉलिक ॲसिड असतं, त्याची सुरुवात इथून आहे.

फॉलिक ॲसिडबरोबर बी-१२ सुद्धा बघायला हवं. दूध-दही फारसं न घेणाऱ्या शाकाहारी बायकांत त्याची कमतरता नेहमी आढळते आणि निव्वळ लोहाची गोळी घेऊन ती भरत नाही. हातापायांना मुंग्या येणं, जीभ लाल आणि गुळगुळीत होणं ही त्याची लक्षणं असू शकतात.

रिपोर्ट हातात आल्यावर

हिमोग्लोबिन १० ते १०.९ असेल तर सौम्य, ७ ते ९.९ असेल तर मध्यम आणि ७ च्या खाली असेल तर तीव्र रक्तक्षय समजतात. पण रिपोर्टवर फक्त हिमोग्लोबिन पाहून थांबू नका. रक्ताच्या सीबीसी तपासणीत ‘एमसीव्ही’ नावाचा आकडा असतो. तो तांबड्या पेशींचा आकार सांगतो. ८० च्या खाली गेला तर लोह कमी असण्याची किंवा थॅलेसेमियाचं वाहक असण्याची शंका येते. १०० च्या वर गेला तर फॉलिक ॲसिड आणि बी-१२ कडे लक्ष जातं. वरच्या प्रश्नांपैकी दोन-तीन तुम्हाला लागू पडत असतील, तर ‘फेरिटिन करून घ्यायचं का?’ हे डॉक्टरांना विचारा. फेरिटिन म्हणजे शरीरातल्या साठ्याचं मोजमाप. ते ३० च्या खाली असेल तर हिमोग्लोबिन अजून ११ वर असलं तरी साठा संपत आलेला आहे, असं बहुतेक डॉक्टर धरतात. ताप किंवा जंतुसंसर्ग असताना फेरिटिन खोटं चढलेलं दिसू शकतं, हेही ध्यानात असू द्या.

गोळी अशी घ्या

ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमानुसार गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज एक गोळी, म्हणजे ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, असे १८० दिवस देतात. बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. सौम्य किंवा मध्यम रक्तक्षय असेल तर सहसा रोज दोन गोळ्या सांगतात. गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, उपकेंद्रात आणि आशाताईंकडे फुकट मिळतात. मिळतात, पण पोटात जातातच असं नाही. सुरुवातीला सांगितलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १८० दिवस किंवा जास्त गोळ्या घेतलेल्या आयांचं प्रमाण देशभरात फक्त २६ टक्के होतं.

गोळी सुटण्याची कारणं ठरलेली आहेत. मळमळ होते, पोट साफ होत नाही, शौचाला काळं होतं. शेवटची गोष्ट पूर्णपणे निरुपद्रवी आहे, न पचलेल्या लोहाचा तो रंग आहे. मळमळ होत असेल तर गोळी रात्री झोपताना, जेवणानंतर दोन तासांनी घेऊन पाहा. त्रास सोसवत नसेल तर थोड्या खाण्याबरोबर घेतली तरी चालेल. न घेण्यापेक्षा ते कितीतरी बरं. बद्धकोष्ठासाठी पाणी वाढवा, पेरू, पालेभाजी आणि भिजवलेले मनुके खा. गोळीने मूल काळं होतं, मूल फार मोठं होतं आणि बाळंतपण अडतं, या समजुतींना काही आधार नाही.

गोळी लिंबूपाण्याबरोबर घेतली तर चांगली शोषली जाते. चहा, कॉफी, दूध आणि कॅल्शियमची गोळी यांच्याबरोबर मात्र कधीच नाही. कॅल्शियम आणि लोह यांच्यात किमान दोन तासांचं अंतर हवं. सोपा क्रम असा: कॅल्शियम सकाळ-संध्याकाळच्या जेवणाबरोबर आणि लोहाची गोळी रात्री झोपताना. मोबाईलवर गजर लावा आणि पाकीट उशाशी ठेवा, लहान मुलांच्या हाताला मात्र लागू देऊ नका. लोहाच्या गोळ्या मुलाने गिळल्या तर जिवावर बेततं.

एका महिन्याने पुन्हा हिमोग्लोबिन तपासा. नीट गोळ्या घेऊन ते एका ग्रॅमनेही वाढलं नसेल, तर आणखी गोळ्या गिळत बसू नका. कारण दुसरं असू शकतं, ते शोधायला हवं. गोळी सहन होत नाही, रक्तक्षय जास्त आहे किंवा दिवस भरत आले आहेत, अशा वेळी डॉक्टर शिरेतून लोहाचं इंजेक्शन देतात. ते चौथ्या महिन्यानंतर आणि सोय असलेल्या रुग्णालयातच द्यायचं असतं.

ताटात काय हवं

बीट आणि डाळिंबाचा लाल रंग पाहून रक्त वाढेल असं वाटतं, पण १०० ग्रॅम बीटात एक मिलिग्रॅमही लोह नसतं आणि डाळिंबात त्याहून कमी. खायला हरकत नाही, पण भरवसा मटकी, चवळी, कुळीथ, हरभरा, राजगिरा, बाजरी आणि तिळावर ठेवा. मांसाहार चालत असेल तर मटण, चिकन आणि मासे यांतलं लोह भाज्यांतल्या लोहापेक्षा कितीतरी चांगलं अंगी लागतं. कलेजीत लोह भरपूर असलं तरी त्यात अ जीवनसत्त्वही फार असतं, म्हणून गरोदरपणात ती वारंवार खाऊ नये. अळिवाचे लाडू बाळंतपणानंतरसाठी राखून ठेवा.

काय खाता, याइतकंच ते कशाबरोबर खाता, याला महत्त्व आहे. मटकीला मोड आणा, त्याने लोह मोकळं होतं. उसळीवर लिंबू पिळा, जेवणात आवळा किंवा पेरूची फोड असू द्या. आमटी आणि भाजी लोखंडी कढईत केली तर लोहाचा थोडा अंश अन्नात उतरतो. आंबट पदार्थ मात्र त्यात शिजवून झाल्यावर तसेच ठेवू नका. चहा जेवणाआधी किंवा नंतर दीड-दोन तास टाळा. जेवणासोबतचा चहा त्या जेवणातलं लोह बऱ्याच अंशी अडवतो.

चतुर्थी, एकादशी, मार्गशीर्षातले गुरुवार असे उपवास महिन्यात बरेच येतात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. उपवास करायचाच असेल तर राजगिऱ्याची भाकरी, शेंगदाणे, लिंबू आणि दही असा करा. रक्तक्षय असेल तर उपवास सोडलेलाच बरा, आणि हे डॉक्टरांनी घरच्यांना सांगितलं तर ते ऐकलंही जातं.

घरच्यांचं काम

अनेक घरांत गरोदर सून सर्वांत शेवटी जेवते. तोवर उसळ संपलेली असते, माशाचा तुकडा उरलेला नसतो आणि ती भात-आमटीवर भागवते. महागडं टॉनिक आणण्याआधी तिचं ताट सर्वांबरोबर वाढा. ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा शेतावर जाणाऱ्या बाईला अंगणवाडीचा आहार आणि तपासणी चुकू नये, याची काळजी नवऱ्याने घ्यावी. कामासाठी दुसऱ्या जिल्ह्यात जाणार असाल तर माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर न्या आणि तिथल्या आशाताईंकडे नोंद करा. आदिवासी भागांत २०१५ पासून सुरू असलेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं पूर्ण गरम जेवण मिळतं. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत मोफत तपासणी होते. ती तारीख कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

इथे थांबू नका

बसल्या जागी धाप लागणं, छातीत धडधडणं, भोवळ येऊन पडणं, चेहरा आणि हातपाय सुजणं किंवा अंगावरून रक्त जाणं, यापैकी काहीही झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल तर उपकेंद्रावर उपचार पुरेसे नाहीत, आणि शेवटच्या तीन महिन्यांत तर भरती व्हावंच लागतं. अशा बाईचं बाळंतपण रक्ताची सोय असलेल्या ठिकाणीच ठरवा. आधीच रक्त कमी असेल तर बाळंतपणात नेहमीइतकं रक्त गेलं तरी जीव धोक्यात येतो. बाळाचं वजन कमी भरणं आणि दिवसांआधी जन्म होणं, हे धोकेही यामुळेच वाढतात.

बाळ जन्मल्यावर नाळ लगेच न कापता किमान एक मिनिट थांबलं, तर वारेतलं रक्त बाळाकडे जातं आणि त्याच्या लोहाचा साठा वाढतो. बाळंतपणाची वेळ येण्याआधी हे डॉक्टरांशी बोलून ठेवा. घरी आल्यावर लाल गोळ्या आणखी १८० दिवस चालू ठेवा, सहा आठवड्यांच्या तपासणीला हिमोग्लोबिन मागून घ्या आणि दोन मुलांत अंतर ठेवण्याचा उपाय त्याच भेटीत ठरवा. पुढच्या गरोदरपणातला रक्तक्षय टाळायचं काम तिथूनच सुरू होतं.